रिकाम्या ऐरणीचा आवाज

"हातोडी बोलते, घण ऐकतो. हातोडी लोखंडावर पडली, की घणानं तिथंच पडायचं. आणि हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली, टण्ण, की घण असेल तिथं मेला पाहिजे. वर असला तर वर, खाली असला तर खाली. मध्ये माणसाचा हात असतो रे, माणसाचा!"

सासऱ्याचा हा आवाज लोहारणीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती नवी नवरी होती आणि भट्टीमागच्या खोलीत पीठ मळत होती. म्हातारा आपल्या दोन्ही लेकांना शिकवत होता. थोरल्याच्या हाती सांडशी आणि हातोडी, धाकट्याच्या हाती घण. सासू भात्यापाशी बसून दोरी ओढायची आणि भात्याच्या श्वासावर गायची:

ऐरण बाई आई, तिला घावामागे घाव,
दोघां लेकांनाच ठाव, तिचं मन.

म्हातारी गेली, मग म्हातारा गेला. आवाज मात्र भट्टीच्या काजळीसारखा छपराला चिकटून राहिला.

म्हातारा जाऊन तीन वर्षं झाली होती. एका सकाळी धाकटा म्हणाला, "दादा, आठवड्यातले तीन दिवस हातोडी मला दे. मलाही लोहार व्हायचंय. जन्मभर नुसता घणच का मारू?"

"हातोडीला अक्कल लागते," थोरला म्हणाला. "घण मारायला नुसते दंड पुरतात."

शब्दाला शब्द लागला. दुपारी दोघं तोंडं फिरवून ऐरणीला उभे राहिले. फाळ तापून पिवळा झाला होता. चार घाव पडले. पाचव्याला किंकाळी उठली.

लोहारीण धावत बाहेर आली तर नवरा भुईवर लोळत होता. उजव्या हाताची तीन बोटं चपटी होऊन फाळाला चिकटली होती आणि करपल्याचा वास सुटला होता. तो ओरडत होता, "वाजवलं होतं मी! थांब म्हणून वाजवलं होतं!"

धाकटा घण धरून तसाच उभा. "मला ऐकू आलं नाही, दादा. मला ऐकूच आलं नाही."

दारात नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. तो तिथंच ओकला.

लोहारणीचे दोघे भाऊ शेजारीच राहायचे, ते पळत आले. तेव्हा तिनं एक गोष्ट केली. भिंतीवरची मोठी सांडशी काढली, आपल्या थोरल्या भावाच्या हातात दिली आणि म्हणाली, "असाच सोडणार का याला?"

पहिला घाव डाव्या कानावर पडला, दुसरा जबड्यावर. धाकट्यानं हात वर केला नाही. खाली पडला तरी रक्ताच्या गुळण्यांमधून तो तेच म्हणत होता, ऐकू आलं नाही. संध्याकाळी जबड्याला पंचा बांधून तो गावातून निघून गेला. दारं उघडी होती. कोणी हाक मारली नाही.

या गोष्टीला एक तप उलटलं.

*

चौथ्या महिन्यापासून घण लोहारणीनं उचलला. उजव्या हाताच्या उरल्या दोन बोटांत नवरा सांडशी धरायचा, डाव्या हातात हातोडी. ती पदर खोचून समोर उभी राहायची. तिच्या तळहाताला पडलेले घट्टे आता नखानं टोचले तरी दुखत नसत. शेजारणी म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्यानं तुझ्याशी भांडायचं तरी कसं गं? जीव मुठीत धरूनच बोलत असेल!"

पण तो भांडतच नसे. तो गप्प झाला होता.

त्यांच्या ख्रिस्ती घरात जेवणाआधी प्रार्थना असे. तिघं ताटांपुढं डोळे मिटून बसत, प्रभूनं शिकवलेली प्रार्थना एकसुरात म्हणत. मध्यावर, क्षमेच्या ओळींवर आलं की नवऱ्याचा आवाज बुडायचा आणि दोन ओळींनंतर पुन्हा वर यायचा. देवळात भाकर मोडून प्याला फिरवण्याचा रविवार आला, की तो शेवटच्या बाकावर बसून राहायचा. बारा वर्षांत त्यानं त्या मेजाला हात लावला नव्हता. लोक म्हणत, "माणूस खरा. मनात वैर ठेवून प्रभूच्या मेजाला शिवत नाही."

लोहारीणही तेच समजायची. तिला पाळकसाहेबांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "दिरासाठी रोज प्रार्थना कर, बाई. मनापासून येत नसेल तर दातओठ खाऊन कर. पण कर."

तिनं दातओठ खाऊन केली. पहिलं वर्षभर ती "देवा, त्याला" एवढंच म्हणून थांबायची, कारण पुढं शिवीच यायची. दुसऱ्या वर्षी "त्याला दोन घास मिळू देत" इथवर आली. मग तिला वाटायचं, घास मिळाला तरी तो चावत कसा असेल? मोडक्या जबड्यानं? पाचव्या वर्षी एकदा भांडी घासताना तिच्या ध्यानात आलं, की आपण दिराच्या दाताजबड्यासाठी रडतोय. राख, पाणी आणि डोळे एकत्र झाले होते.

यंदा कापणीला चार आठवडे उरले असताना साठ विळ्यांचं काम आलं. तिसऱ्या दिवशी घण वर गेला आणि तिच्या खांद्यात कट्ट झालं. हात लोंबायला लागला. डॉक्टरनं तो गळ्यात बांधला आणि सांगितलं, "सहा आठवडे. आणि पुन्हा घण नाही. कधीच नाही."

ती देवळात गेली. "पाळकसाहेब, दगडखाणीतला त्याचा पत्ता तुमच्याकडे आहे ना? लिहा त्याला. वहिनीनं बोलावलंय म्हणून लिहा."

"थोरल्याला विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणतील. मग ते 'नाही' ओलांडून जायला मला आणखी बारा वर्षं लागतील."

*

आठव्या दिवशी भर दुपारी तो आला. अंगावर दगडाची पांढरी भुकटी, हातात एक पिशवी. जबडा डावीकडं सरकून जुळला होता, त्यामुळं शब्दही डावीकडूनच बाहेर पडायचे. कोणी बोललं की तो उजवा कान पुढं करायचा.

"वहिनी," तो म्हणाला.

नवऱ्याच्या हातातली सांडशी खाली आली. "याला कोणी बोलावलं?"

"मी."

"मला न विचारता?"

"साठ विळे आहेत. माझा हात गळ्यात आहे. घण काय पाळकसाहेब मारणार?"

नवऱ्याचं तोंड राखेसारखं झालं. तिला वाटलं, आता हातोडी भिरकावतो. पण त्यानं भावाकडं बघितलंच नाही. भुईकडं बघितलं.

तेवढ्यात मुलगा वखारीतून जेवायला आला. एकवीस वर्षांचा. दिवसभर लाकडाचे ओंडके खांद्यावर वाहायचा. इतका तापट, की सारा गाव त्याला ठिणग्या म्हणायचा. बापाची भट्टी मात्र त्यानं कधी धरली नाही; ऐरणीपाशी उभा राहिला की आजही त्याला ओकारी यायची.

त्यानं पाहुण्याला पाहिलं. वाकडा जबडा पाहिला.

पहिला ठोसा त्याच वाकड्या जबड्यावर बसला. काका गुडघ्यावर आला. दुसरा नाकावर. मग केस धरून त्यानं त्याला लोखंड विझवायच्या दगडी डोणीपर्यंत फरफटत नेलं आणि काळ्या पाण्यात तोंड दाबलं. पाय भुई खरवडू लागले. बुडबुडे आले. काकाचे हात डोणीच्या काठावर होते. ते त्यानं पोराच्या मनगटाला लावले नाहीत.

"सोड! मेल्या, सोड त्याला!" लोहारणीनं एका हातानं लेकाची मानगूट धरली. त्यानं कोपर मागं झटकलं. ती बांधलेल्या खांद्यानंच दाराच्या चौकटीवर आदळली आणि वासरू कापल्यासारखी ओरडली.

तो आवाज ऐकून ठिणग्याचे हात सुटले. काका पाण्यातून वर आला. खोकला, रक्त आणि काजळी सगळं एकदम.

"बाबा," ठिणग्या धापा टाकत म्हणाला, "तुम्ही फक्त मान हलवा. याला इथंच संपवतो."

लोहार ऐरणीशी खिळून उभा होता. सगळे त्याच्याकडं बघत होते. तो इतकंच म्हणाला, "जेवायला वाढ सगळ्यांना." आणि भात्याकडं वळला.

*

दुसऱ्या सकाळी लोहारीण ताट घेऊन डोणीपाशी गेली. धाकटा तिथंच जेवायचा. ठिणग्यानं बजावलं होतं, हा आत आला तर मी बाहेर. तिनं अन्न मऊ कालवून आणलं होतं.

"भाऊजी, त्या दिवशी सांडशी मी दिली होती. माझ्या हातानं."

तो उजवा कान पुढं करून ऐकत होता. "ठाऊक आहे, वहिनी. मी बघत होतो."

"ठाऊक होतं आणि आलात?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून." थोडा वेळ त्यानं घास फिरवला. "आणि जबड्याचं एवढं काही नाही. सगळं चालतं. फक्त शीळ घालता येत नाही."

ती हसली, आणि हसता हसता मटकन खाली बसली. "मला माफ करा" हे तिनं पदरात तोंड घालून म्हटलं. त्यानं ताटातला एक घास उचलला आणि तिच्यापुढं धरला. "हे घ्या. मीठ कमी पडलंय."

काम सुरू झालं. थोरला सांडशी-हातोडी धरून, धाकटा घण घेऊन. पण घण बसेना. धाकटा घण उचलायचा, वर नेऊन थांबायचा, दादाच्या हाताकडं बघायचा, मग हलकेच सोडायचा. तोवर लोखंड लाल होऊन काळं पडायचं.

विळे न्यायला आलेला एक शेतकरी म्हणाला, "लोहारदादा, उरलेली दोन जपा हं! नाहीतर पुढच्या वर्षी सांडशी दातात धराल!" बरोबरचे खदखदले. धाकट्यानं मान खाली घातली.

"घण मारतोस की माश्या हाकतोस?" थोरला खेकसला. बारा वर्षांत भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"दादा, माझ्या कानावर माझा भरवसा राहिला नाही."

"कान तर तुझा नंतरच्या मारात फुटला."

"हा फुटला तो नंतर. दुसऱ्यावरही नाही." तो घणाच्या दांड्यावरून हात फिरवत बोलत होता. "खाणीत सुरुंगाआधी शिट्टी होते. मी सगळ्यांच्या आधी पळायचो. शिट्टी झाली नसली तरी पळायचो. माणसं हसायची, पळपुट्या म्हणायची. बायको केली होती, ती म्हणाली, रात्री दचकून उठतोस आणि विचारतोस, वाजलं का, वाजलं का? गेली सोडून. काय सांगू तिला? एकदा वाजलं होतं आणि मला ऐकू आलं नव्हतं. माझ्या दादानं वाजवलं होतं, आणि माझ्या रागानं माझे कान बुजवले होते."

थोरल्याची हातोडी चुकीच्या जागी पडली. विळ्याचं पातं वाकडं झालं. त्यानं ते मोडीत फेकलं आणि दुसरं घेतलं. तेही बिघडवलं.

त्या संध्याकाळी प्रार्थनेत लोहारणीनं डोळे मिटले, पण कान उघडे ठेवले. बारा वर्षं ती समजत होती, की 'आम्ही क्षमा केली' इथं नवऱ्याचा आवाज बुडतो. आज तिनं नीट ऐकलं. तो त्याच्या आधीच बुडत होता. 'आम्हांला क्षमा कर' इथं. तिनं डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि भट्टी तर केव्हाच विझली होती.

*

रविवारी दोघे भाऊ देवळात दोन टोकांना बसले. धाकट्याजवळचा बाक माणसांनी रिकामा केला. जणू त्याच्या अंगाला काजळी नव्हे, रक्त होतं. पाळकसाहेब म्हातारे, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांना मोठा उपदेश जमत नसे. ते म्हणाले, "मेजापाशी येताना आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर मागं फिरा. नीट ऐका हं. आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे, ते नव्हे. त्याला आपल्यामुळं काय सोसावं लागलं, ते. आधी त्याच्याकडं जा, मग भाकरीकडं या."

लोहार उठला आणि निघून गेला. धाकट्यापर्यंत भाकरीचं ताट आलं तेव्हा त्यानंही ते पुढं सरकवलं. "मी दादाचा हात मोडलाय," तो हळूच म्हणाला. "मी कुठल्या हातानं घेऊ?"

ताट लोहारणीपाशी आलं. तिनं एका हातानं तुकडा घेतला.

*

सोमवारी लोहार तयार विळे खांद्यावर टाकून शेतांवर द्यायला गेला. दुपारी परत येणार होता.

वखारीत त्या दिवशी कुणीतरी ठिणग्याला चिडवलं, "काय रे, तुझ्या बापाचा हात खाणारा तुमच्याकडंच जेवतो म्हणे? आता कुणाचा हात वाढणार ताटात, तुझा?" ठिणग्यानं त्याचे पुढचे दोन दात पाडले. हातावर त्या दातांची जखम घेऊनच तो घरी आला.

धाकटा भात्यापाशी बसला होता. दोरी ओढत आईची ती ओळ गुणगुणत होता, डावीकडून निसटणाऱ्या शब्दांत: ऐरण बाई आई, तिला घावामागे घाव…

"ऊठ," ठिणग्या म्हणाला.

तो उठला.

ठिणग्यानं घण उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. त्याचा रंग उडाला, घशाशी आलं, त्यानं ते गिळलं. "हात ठेव ऐरणीवर. उजवा."

आतून लोहारीण धावली. "ठिणग्या! अरे, लेकरा!" त्यानं घण तसाच धरून पायानं दार ढकललं आणि कडी घातली. ती एका हातानं आणि डोक्यानं दार बडवू लागली.

काकानं पोराच्या तोंडाकडं पाहिलं. पांढऱ्या पडलेल्या ओठांकडं पाहिलं. मग विजार सावरून तो ऐरणीपुढं गुडघे टेकून बसला आणि उजवा पंजा तिच्या थंड पाठीवर पसरला.

"डोळे मिटून मारू नकोस," तो म्हणाला. "नेमका मार. बोटांवर. मनगटावर गेला तर अख्खा हात जाईल, मग मला अंघोळ कोण घालणार?"

"थट्टा करतोस?"

"नाही रे. तू ऐरणीपाशी आलास की ओकतोस, असं वहिनी म्हणाल्या. नऊ वर्षांचा होतास. ते माझ्यामुळं. हे केल्यानं तुझी ओकारी थांबणार असेल तर मार बाबा. मी ओरडणार नाही."

ठिणग्याच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहत होतं. त्यानं दोन्ही पाय रोवले. घण खांद्यावरून वर गेला. अजून वर गेला. दारापलीकडं लोहारीण नुसती "प्रभू, प्रभू" म्हणत होती.

रस्त्याकडच्या उघड्या बाजूनं लोहार आत आला. त्यानं एका नजरेत पाहिलं: ऐरण, भावाचा पंजा, लेकाचा घण. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. हातोडी ऐरणीच्या ओंडक्यावर पडली होती. त्यानं डाव्या हातानं ती झडपली आणि भावाच्या बोटांशेजारच्या रिकाम्या लोखंडावर मारली.

टण्ण.

बारा वर्षं ऐरणीपाशी न थांबलेल्या त्या पोराच्या अंगाला तो आवाज आईच्या पोटापासून ठाऊक होता. घण वरच मेला. त्याच्या वजनानं पोरगा मागं ओढला गेला, दांडा हातातून निसटला आणि घण डोणीवर पडला. दगड फुटला. काळं पाणी भट्टीभर पसरलं.



मग धाकट्यानं मान वर केली. त्याचं वाकडं तोंड उजळलं होतं. "ऐकू आलं!" तो म्हणाला. "दादा, मला ऐकू आलं! वाजलं की मला ऐकू येतं रे!"

ठिणग्या भिंतीला पाठ लावून खाली बसला होता. "मग त्या दिवशी का नाही आलं?" तो हुंदके देत ओरडला. "बाबा, त्या दिवशीही असंच वाजवलं होतं ना तुम्ही? असंच ना?"

लोहारानं जाऊन दाराची कडी काढली. लोहारीण चौकटीत उभी राहिली, कपाळावर दाराचा वळ. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. जे विचारायचं होतं ते तिला प्रार्थनेतच कळलं होतं.

लोहार वळला. भावाच्या डाव्या बाजूनं चालत आला, थांबला, आणि ऐरणीला वळसा घालून त्याच्या उजव्या कानाशी गेला. तिथं पाण्यात गुडघे टेकून बसला. आपला दोन बोटांचा पंजा त्यानं भावाच्या पाच बोटांवर ठेवला.

"रागात होतो मी," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. "फाळ जरा सरकला होता. सरळ करायला हात घालायचा होता. तुला थांब म्हणायचं म्हणजे तुझ्यापुढं वाकणं वाटलं. म्हटलं, दिसत नाही का याला माझा हात? थांबेल की आपण होऊन. मी का सांगू?" त्यानं श्वास घेतला. तो भात्याच्या श्वासासारखाच आत ओढला गेला. "मग ओरडलो ते तोंडातून निघून गेलं. मग तुला मारलं त्यांनी. मग सगळे माझ्या बाजूचे झाले. मग मला त्यातून कधी मागं फिरताच आलं नाही."

धाकटा उजवा कान पुढं करून बसला होता. हलत नव्हता.

"धाकल्या, तुझे कान चांगले होते रे. त्या दिवशी मी वाजवलंच नव्हतं."